वाट पाहणारं शहर

मोबाइलने माणसाला अधीर केलं, ही तक्रार आता घरोघरी ऐकू येते. पण मुंबईकराच्या मनाची ही घडण मोबाइलच्या कितीतरी आधी सुरू झाली. ती समजून घ्यायला मला वाट पाहणं ही एकच गोष्ट पुरेशी वाटते.

१६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली आणि पुढच्याच वर्षी कावसजी दावर यांनी कापडगिरणीचा पाया घातला. कोकणातून, घाटावरून आलेला माणूस तोवर पावसाची वाट पाहायचा, लावणीची पाहायचा, जत्रेची पाहायचा. इथे त्याला मिनिटाचा धाक कळला. भोंगा झाला की धावायचं; गेट बंद झालं तर खाडा. रविवारची सुटीसुद्धा आपसूक मिळालेली नाही. त्यासाठी कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे वर्षानुवर्षं झगडले, तेव्हा कुठे १० जून १८९०ला गिरणीमालकांनी ती मान्य केली. आठवड्यातून एक दिवस आपला असतो, हे सुख या शहराने असं मिळवलं.

पुढे तर खुद्द वेळेवरूनच भांडण पेटलं. १९०६मध्ये देशाला एकच प्रमाणवेळ आली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे होती. घड्याळ पुढे सरकवायचं म्हणजे कामगाराला तेवढं लवकर उठवायचं. गिरण्यांत विरोध झाला, आणि महापालिकेनेही ‘मुंबई टाइम’ पुढे कित्येक वर्षं सांभाळला. एका शहरात दोन वेळा नांदत होत्या. ‘किती वाजले?’ याच्या आधी ‘कुठल्या घड्याळाने?’ हे विचारावं लागे.

याच सुमारास, १९०३मध्ये, गेऑर्ग झिमेल हा समाजशास्त्रज्ञ बर्लिनमध्ये लिहीत होता की शहरात मनावर सतत इतकं काही आदळतं की माणूस स्वतःला जपण्यासाठी कोरडा होतो. गर्दीच्या लोकलमध्ये बसलेल्या कोणालाही हे पटेल. गिरणगावाने मात्र त्यावर स्वतःचा उतारा शोधला होता. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे गाववाले, जेवायला खाणावळ, आणि दाराबाहेर सगळ्यांची मिळून एक गॅलरी. गावाकडे बायको मनिऑर्डरीची वाट पाहायची, इथे नवरा पत्राची. पत्र यायला आठ-दहा दिवस लागायचे, पण ते आलं की खोलीत मोठ्याने वाचलं जाई. विरहसुद्धा एकट्याचा नसायचा.

२ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, तेव्हाही असंच झालं. मजल्यावर एखाद्याकडे टीव्ही, आणि रविवारच्या सिनेमाला अख्खी चाळ त्याच्या दारात.

मग १८ जानेवारी १९८२चा गिरणी संप. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. माझे आजोबा त्यानंतर कितीतरी वर्षं पहिल्या पाळीच्या वेळेलाच उठत. तोंड धुऊन, टोपी घालून गॅलरीत बसत. कोणी त्यांना काही विचारत नसे. भोंगा बंद पडला होता, पण त्यांच्या अंगात तो वाजायचा थांबला नाही. गिरणी कशी बुडाली यावर पुष्कळ लिहिलं गेलं. त्या शरीरांचं आणि मनांचं काय झालं यावर फार कमी. ही मला मोठी उणीव वाटते.

१९९५मध्ये मोबाइल आला, आणि दहा वर्षांत तो सामान्य माणसाच्या खिशात पोचला. त्याआधी वडील रात्री अकरापर्यंत आले नाहीत तर आई म्हणायची, ‘गाडी लेट असेल.’ एवढं बोलून ती पोळ्या झाकून ठेवायची. फोन आल्यावर हे वाक्य घरातून गेलं. उचलला नाही की दहा मिनिटांत तिच्या छातीत धडधड.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकल ठप्प, फोन लागेनात. वडील कुर्ल्याच्या पुढे कुठेतरी अडकले होते. त्या रात्री आमच्या मजल्यावर कोणी झोपलं नाही. शेजारच्या काकू दर तासाला चहा टाकत होत्या, पोरं नाक्यावर जाऊन बातमी आणत होती, आणि आई कठड्याला टेकून उभी होती, तिच्या दोन्ही बाजूंना चार-चार बायका. वडील दुसऱ्या दिवशी दुपारी चालत आले.

आता त्या चाळीच्या जागी टॉवर आहे. आईला अठराव्या मजल्यावर स्वतंत्र संडास-बाथरूमचं घर मिळालं. ते तिला मनापासून हवं होतं आणि तिच्या हक्काचंही होतं. मला ऑफिसातून निघायला उशीर झाला की ती व्हॉट्सॲप उघडते, निळ्या खुणा आल्या का पाहते, पुन्हा बंद करते, पुन्हा उघडते. फारच उशीर झाला तर दार उघडून पॅसेजमध्ये येऊन उभी राहते. समोरची तिन्ही दारं बंद असतात.