आरंभीच्या मध्ययुगातले वेल्सचे राजे आणि त्यांची राज्यं

वेल्स म्हणजे ब्रिटन बेटाची पश्चिमेकडची डोंगराळ बाजू. रोमन सत्ता तिथून साधारण इ.स. ४१० च्या सुमारास उठली आणि १०६६ नंतर फ्रान्समधून आलेले नॉर्मन लोक सीमेवर येऊन ठेपले, या मधल्या साडेसहाशे वर्षांत तिथे जी लहानमोठी राज्यं नांदली त्यांची ही नोंद. सगळ्यांची भाषा एक, धर्म एक, पुढे कायदाही बराचसा एक, तरी अख्खा वेल्स एका राजाच्या हाताखाली आला तो फक्त एकदा आणि ते दहा वर्षंसुद्धा टिकलं नाही. याचं कारण मराठी माणसाला एका शब्दात कळेल, भाऊबंदकी. पण नुसता तो शब्द उच्चारून पुढे गेलं की त्या राजांवर अन्याय होतो, ती भांडणं कुठल्या व्यवस्थेतून येत होती ते बघायला हवं.

आधी नावांचं थोडं. 'वेल्स' हे नाव इंग्रजांनी दिलेलं, 'परके' अशा अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून, आणि ज्यांचा मुलूख त्यांनाच परकं म्हणायचं हे मला तरी फार खटकतं. ते लोक स्वतःला 'कम्री' म्हणतात, म्हणजे एका मुलखातले, देशबांधव. राजांच्या नावात मधे 'आप' किंवा 'आब' येतं त्याचा अर्थ अमक्याचा मुलगा. स्पेलिंगमध्ये दोन डी दिसले तर उच्चार 'द'च्या जवळ जातो आणि एकटा एफ दिसला तर 'व', हे माहीत नसेल तर नकाशावरची निम्मी नावं चुकीची वाचली जातात.

वायव्येला ग्विनेद, म्हणजे स्नोडोनियाचे डोंगर आणि समोरचं अँगलसी बेट, आणि हे बेट सुपीक असल्यामुळे डोंगरात लपायची सोय आणि पोटाला धान्य दोन्ही याच राज्याकडे होतं, म्हणून ते बहुतेक काळ सगळ्यात बलवान राहिलं. पूर्वेला मर्सिया या इंग्रजांच्या राज्याला चिकटून पोविस. नैर्ऋत्येला डव्हेद, जिथलं राजघराणं मूळचं आयर्लंडमधून आलेलं. पश्चिम किनाऱ्यावर केरेदिगिओन, आग्नेयेला ग्वेन्ट आणि ग्लवीसिंग, मधल्या डोंगरात ब्रिखेइन्योग.

या राजांबद्दल सगळ्यात जुनं सविस्तर लिखाण सहाव्या शतकातल्या गिल्डास नावाच्या धर्मगुरूचं आहे आणि ते म्हणजे सरळसरळ शिव्याशाप. आपल्या काळातल्या पाच राजांची नावं घेऊन त्याने त्यांची पापं मांडलीत. ग्विनेदच्या माएलगुनला तो 'बेटाचा ड्रॅगन' म्हणतो, याने काकाला मारून गादी घेतली, मग मठात जाऊन संन्यासी झाला, मग मठ सोडून परत आला आणि पुतण्याला मारून त्याच्या बायकोशी लग्न केलं असे आरोप आहेत. हा माएलगुन ५४७ च्या सुमारास साथीच्या रोगात गेला असं वेल्समधल्या जुन्या वर्षवार नोंदी सांगतात.

शत्रूंनी आणि टीकाकारांनी लिहिलेलं बाजूला ठेवलं तर राजांचा स्वतःचा आवाज दगडांवर ऐकू येतो. अँगलसी बेटावर आबेरफ्राउ या राजांच्या मुख्य ठिकाणाजवळ एका चर्चच्या भिंतीत सातव्या शतकातला शिलालेख बसवलेला आहे, त्यावर लॅटिनमध्ये कोरलंय की हा काद्वान राजा, सर्व राजांमध्ये सगळ्यात शहाणा आणि सगळ्यात नामवंत. दुसरा दगड पोविसमधला, लँगोलेनजवळचा एलिसेगचा स्तंभ. नवव्या शतकात केन्गेन राजाने तो आपल्या पणजोबांच्या, एलिसेदच्या, आठवणीत उभारला, या पणजोबांनी इंग्रजांकडून पोविसची जमीन तलवारीच्या जोरावर परत घेतली असं त्यावर लिहिलं होतं आणि पुढे घराण्याची वंशावळ थेट मॅग्नस मॅक्सिमस या रोमन सम्राटापर्यंत नेऊन भिडवली होती. अक्षरं आता झिजून गेलीत, पण एडवर्ड लुइड या अभ्यासकाने १६९६ मध्ये ती उतरवून घेतली होती म्हणून आपल्याला माहीत आहेत, नाहीतर हे सगळं कायमचं गेलं असतं. वंशावळ खरी की बनवलेली हा वाद चालू राहील, माझ्या मते जास्त महत्त्वाचं हे की राजाचा हक्क तिथे वंशावळीतूनच सिद्ध व्हायचा, म्हणून ती दगडात कोरायची गरज पडली.

काद्वानचा मुलगा काद्वाल्लोन. याने मर्सियाच्या पेंडाला सोबत घेऊन ६३३ च्या सुमारास थेट उत्तर इंग्लंडमध्ये नॉर्थम्ब्रियाच्या एडविन राजाला लढाईत मारलं आणि वर्षभर तो मुलूख तुडवला, मग नॉर्थम्ब्रियाच्याच ओसवाल्डने त्याला हेवनफील्डच्या लढाईत संपवलं. त्यानंतर वेल्सच्या राजांचं जग हळूहळू पश्चिमेपुरतं उरलं, आणि आठव्या शतकात मर्सियाच्या ऑफा राजाने सीमेवर मातीचा प्रचंड बांध घातला जो आजही बऱ्याच ठिकाणी शाबूत आहे.

आता राज्य चालायचं कसं ते बघू. राजा एका जागी बसून नसायचा, मुलूख 'कान्त्रेव' नावाच्या विभागांत वाटलेला, प्रत्येक ठिकाणी राजाचा वाडा, आणि राजा आपला लवाजमा घेऊन फिरत राहायचा, लोकांनी दिलेल्या धान्य, मांस, मध, दारू यावर सगळे जेवायचे. त्याच्यासोबत कायम असणाऱ्या लढवय्यांच्या तुकडीला 'टेइली' म्हणत. आजच्या वेल्श भाषेत याच शब्दाचा अर्थ कुटुंब असा आहे, आणि या एका शब्दात सगळं येतं असं मला वाटतं, कारण राजाचं सैन्य म्हणजे त्याच्या घरात जेवणारी माणसं आणि त्यांचा प्रमुख बहुतेक राजाचाच मुलगा किंवा पुतण्या. राजा मेला की ती तुकडी, ती निष्ठा सगळं विखुरलं. शिवाय तिथल्या कायद्यात बापाची जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटायची, बापाने आपलं म्हटलेल्या अनौरस मुलालाही त्यात हिस्सा. राज्याची अशी सरळ वाटणी दर वेळी व्हायचीच असं नाही, पण राजाच्या रक्ताचा कुठलाही पुरुष गादीवर हक्क सांगू शकायचा, मग भाऊ, चुलतभाऊ, पुतणे सगळेच हातात तलवार घेऊन उभे.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण रोद्री, ज्याला 'मावर' म्हणजे थोर म्हणतात. ८४४ मध्ये बाप मेर्विन गेल्यावर त्याला ग्विनेद मिळालं. पोविसचा केन्गेन रोमला यात्रेला गेला आणि तिकडेच वारला, ते राज्यही रोद्रीकडे आलं. मग ८७१ च्या सुमारास केरेदिगिओनचा ग्वगोन पाण्यात बुडून मेला आणि तिथेही रोद्रीचा शिरकाव झाला. ८५६ मध्ये त्याने डॅनिश सरदार गोर्मला मारलं होतं, त्याचं नाव वेल्सबाहेरही पोचलं होतं. पण ८७८ मध्ये तो इंग्रजांशी लढताना मारला गेला, तीन वर्षांनी मुलगा अनारौदने कॉन्वी नदीपाशी मर्सियाचा पराभव केला आणि लोकांनी त्याला रोद्रीचा सूड म्हटलं. मात्र हीच मुलं दक्षिणेतल्या छोट्या राजांना इतकी जाचायला लागली की ते राजे संरक्षण मागायला दक्षिण इंग्लंडमधल्या वेसेक्सच्या आल्फ्रेड राजाकडे गेले. हे आपल्याला ॲसरने सांगितलंय, तो स्वतः डव्हेदमधला धर्मगुरू आणि आल्फ्रेडचा चरित्रकार.

त्या छोट्या राजांमधल्या ब्रिखेइन्योगची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. लँगोर्स तळ्यात त्यांनी दगड-लाकडाचं बेट रचून त्यावर वाडा बांधला होता, लाकडात दरवर्षी पडणाऱ्या वर्तुळांवरून तो ८९० च्या आसपासचा ठरतो. ९१६ मध्ये मर्सियाची राणी एथेलफ्लेड हिच्या फौजेने तो मोडला आणि तिथल्या राणीसकट चौतीस जण पकडून नेले. तळ्यातल्या उत्खननात जळकं, काळं पडलेलं पण अतिशय बारीक भरतकामाचं कापड मिळालंय. एवढ्याशा डोंगरी राज्यात असं वस्त्र होतं.

रोद्रीचा नातू हवेल, ज्याला 'दा' म्हणजे चांगला अशी पदवी मिळाली, त्याने लढाईपेक्षा समजुतीने जास्त मिळवलं. डव्हेदच्या राजकन्येशी, एलेनशी लग्न, त्यातून नैर्ऋत्येचा मुलूख एक होऊन देहायबार्थ तयार झालं, ९२८ मध्ये रोमची यात्रा, आणि इंग्रज राजा ॲथेलस्टनच्या दरबारात हजेरी लावून सीमा शांत ठेवणं. यासाठी काही जण त्याला लाचार म्हणतात, मला ते पटत नाही, त्याच्या लोकांना वीस-पंचवीस वर्षं बऱ्यापैकी स्वास्थ्य मिळालं. ९४२ मध्ये चुलतभाऊ इद्वाल मारला गेल्यावर त्याने ग्विनेदही घेतलं. त्याच्या नावाचं चांदीचं नाणंही आहे, चेस्टरला पाडलेलं.

वेल्सचा कायदा हवेलच्या नावाने ओळखला जातो. हातातल्या प्रती तेराव्या शतकापासूनच्या आहेत, म्हणजे त्यात नंतरची भर भरपूर, पण त्यातून त्या समाजाचं रोजचं जगणं दिसतं. खून झाला तर दोन्हीकडच्या भावकीने ठरलेली भरपाई द्यायची-घ्यायची. सात वर्षं संसार झाल्यावर नवरा-बायको वेगळे झाले तर मालमत्ता निम्मी निम्मी, डुकरं नवऱ्याची, मेंढ्या बायकोच्या. मांजराच्या पिल्लाची किंमत डोळे उघडेपर्यंत एक पेनी, मग उंदीर मारेपर्यंत दोन, मारायला लागलं की चार. राजाच्या कोठारातलं मांजर चोरलं तर ते डोकं खाली, शेपटी वर धरायचं आणि शेपटीचं टोक बुडेपर्यंत धान्य ओतायचं, तेवढं धान्य दंड.

९५० च्या सुमारास हवेल वारला आणि लगेच त्याची मुलं आणि इद्वालची मुलं एकमेकांशी लढायला लागली.

शेवटी ग्रिफिद आप लवेलिन. १०३९ मध्ये ग्विनेद आणि पोविस, १०५५ मध्ये देहायबार्थ आणि त्याच वर्षी हेरफर्ड शहर जाळलं, मग आग्नेयेचा मुलूखही घेऊन १०५७ च्या सुमारास तो खरोखर सगळ्या वेल्सचा राजा झाला. १०६३ मध्ये इंग्रज सरदार हॅरल्ड गॉडविनसन समुद्रातून आणि त्याचा भाऊ टॉस्टिग जमिनीवरून चालून आले, ग्रिफिद डोंगरात हटत गेला आणि ऑगस्टमध्ये त्याला त्याच्याच माणसांनी मारलं, डोकं हॅरल्डकडे आणि तिथून इंग्रजांच्या एडवर्ड राजाकडे गेलं. उत्तर वेल्स त्याच्या दोन सावत्र भावांना, ब्लेदिन आणि रिवाल्लोनला, दिलं गेलं, दक्षिणेत जुनी घराणी परत गादीवर आली. त्याची विधवा एल्डगिथ हिच्याशी पुढे हॅरल्डने लग्न केलं. १०६६ मध्ये हॅरल्ड स्वतः नॉर्मनांशी लढताना हेस्टिंग्जला पडला आणि वेल्सच्या सीमेवर नॉर्मन सरदार किल्ले बांधायला लागले.