डॉरमाउस संवर्धन परवाना

इंग्लंडमध्ये हेझल डॉरमाउस (मस्कार्डिनस ॲव्हेलॅनॅरियस) या निशाचर, झाडाझुडपांत राहणाऱ्या कृंतक प्राण्याला हाताळण्यासाठी किंवा त्याच्या घरट्याला हात लावण्यासाठी परवाना लागतो आणि तो नॅचरल इंग्लंड ही शासकीय संस्था देते. वेल्समध्ये हे काम नॅचरल रिसोर्सेस वेल्सकडे आहे. १९८१ चा वन्यजीव व ग्रामीण प्रदेश कायदा आणि २०१७ चे अधिवास व प्रजाती संवर्धन नियम यांनी या प्राण्याला संरक्षण दिले असून, नियमभंगासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद आणि अमर्याद दंडाची तरतूद आहे. २००० नंतर ब्रिटनमधील डॉरमाउसची संख्या सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे निरीक्षणांतून दिसले आहे.

परवाना केवळ वर्गातील अभ्यासक्रमावर मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. उमेदवाराने परवानाधारकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रानात काम करून, हाताळलेल्या प्राण्यांची नोंदवही ठेवून आणि जाणकारांची शिफारस मिळवून आपली पात्रता दाखवायची असते. याला बहुधा एकाहून अधिक हंगाम लागतात, कारण एकेका फेरीत प्राणी मोजकेच सापडतात. पीपल्स ट्रस्ट फॉर एन्डेंजर्ड स्पीशीज या संस्थेच्या राष्ट्रीय डॉरमाउस निरीक्षण कार्यक्रमात स्वयंसेवक म्हणून काम करणे हा शिकण्याचा रुळलेला मार्ग आहे.

या कार्यक्रमात डॉरमाउसला घरटे करता यावे म्हणून झाडांवर लाकडी पेट्या बसवतात. पेटीचे भोक खोडाच्या बाजूला असते. तपासणीच्या वेळी भोक कापडाने बंद करून पेटी खाली उतरवतात आणि मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत हळूच उघडतात. शिकाऊ माणसाने आधी घरटे ओळखायला शिकावे लागते: हनिसकल या वेलीच्या सालीच्या पट्ट्या विणून केलेले, भोवती हिरवी पाने लावलेले घरटे डॉरमाउसचे असते, तर नुसत्या सुट्या पानांचा ढीग बहुधा रानउंदराचा. पुढे प्राणी पकडणे, लहान पिशवीत घालून तराजूने वजन करणे, नर-मादी ओळखणे ही कौशल्ये येतात. शेपूट धरून उचलणे कटाक्षाने टाळावे लागते, कारण तिची कातडी सुटून येऊ शकते. थंडीने सुस्त झालेला प्राणी ऊब मिळताच जागा होतो आणि त्याची साठवलेली चरबी वाया जाते, म्हणून त्याची नोंद चटकन आटोपतात. डोळे न उघडलेली पिल्ले आढळली, तर पेटी तशीच बंद करणे हाच शहाणपणा असतो. हा विवेक पुस्तकातून येत नाही. अनुभवी व्यक्तीच्या शेजारी उभे राहूनच तो अंगी मुरतो.

पेट्या लावण्यास परवाना लागत नाही, मात्र त्यांत डॉरमाउस आढळल्यानंतर पुढील तपासणी परवानाधारकानेच करावी लागते. सर्वेक्षणाच्या परवान्यामुळे झाडी तोडण्याची मुभा मिळत नाही. रस्ते किंवा घरबांधणीसाठी डॉरमाउसचा अधिवास हलवायचा असल्यास स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो.