फायटिंग गेमसाठी कंट्रोलर निवडणं

स्ट्रीट फायटर, टेकन, मॉर्टल कॉम्बॅट असल्या समोरासमोरच्या मारामारीच्या गेमसाठी साधा पॅड, आर्केड स्टिक, लीव्हरलेस (दांड्याऐवजी नुसती बटणं असलेला डबा) की कीबोर्ड यातलं काय घ्यायचं ते ठरवणं. फुटबॉलचा गेम कुठल्याही पॅडवर निभावतो, इथे मात्र मूव्ह निघणं न निघणं बोटांवर असतं म्हणून हा वाद कधी संपत नाही. गोव्यात त्यात हवेची भर पडते, दमट, किनाऱ्याकडे खारी, वर चार महिने पाऊस, त्यामुळे बाहेरच्या रिव्ह्यूमध्ये पाच वर्षं टिकलेला माल आपल्याकडे तेवढा टिकेलच असं नाही.

सगळ्याच्या मुळाशी मोशन इनपुट, म्हणजे ठरावीक दिशा क्रमाने दाबून मूव्ह काढणं. स्ट्रीट फायटरमधला हादोकेन (हातातून सुटणारा ऊर्जेचा गोळा) मारायचा तर खाली, तिरकं खाली-पुढे, पुढे आणि पंच. खेळणारे हे २३६ असं लिहितात, कीबोर्डच्या नंबरपॅडवर २, ३, ६ कुठे आहेत ते बघा, लगेच कळेल. उडी मारत वर मारायचा ठोसा, शोर्युकेन, ६२३. या गेम्स साधारणपणे सेकंदाला ६० फ्रेमवर (पडद्यावरच्या चित्रांवर) चालतात, म्हणजे एक फ्रेम १६ मिलिसेकंदांच्या जरा वर. टेकनमधला साधा जॅब (झटपट ठोसा) १० फ्रेममध्ये लागतो, स्ट्रीट फायटर ६ मध्ये सगळ्यात झटपट फटके ४ फ्रेमचे, तेव्हा बोट चुकलं की समोरचा तुम्हाला आडवा करून मोकळा.

पॅड सगळ्यात स्वस्त आणि बहुतेकांकडे आधीच असतो. त्यात ॲनालॉग स्टिक सोडा आणि डी-पॅड (अधिकच्या चिन्हासारखं दिशांचं बटण) वापरा, कारण ॲनालॉगवर दिशा नेमकी कुठे बदलली ते अंगठ्याला समजत नाही. अडचण बटणांची. १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ पासून या मालिकेत तीन पंच तीन किक अशी सहा बटणं, पॅडवर समोर फक्त चार, उरलेली दोन पॅडच्या खांद्यावर, म्हणजे वरच्या कडेला जातात. सहा बटणं समोर असलेले पॅडही मिळतात, होरीचा फायटिंग कमांडर किंवा ८बिटडूचा एम३०, तो सेगाच्या जुन्या पॅडच्या वळणाचा. टेकनवाल्यांना हा त्रास नाही, दोन हात दोन पाय, चार बटणांत काम होतं. आणि पॅडने मोठं काही जिंकता येत नाही असं कोणी म्हणालं तर त्याला लुफीचं नाव सांगा, हा फ्रेंच खेळाडू २०१४ च्या इव्हो या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेत अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४ जिंकला तो पहिल्या प्लेस्टेशनच्या पॅडवर.

आर्केड स्टिक म्हणजे आर्केड मशीनचं पॅनल डब्यात घालून मांडीवर घेतलेलं. जपानी पद्धतीत वर गोळा, आत स्प्रिंग, सान्वा कंपनीचा जेएलएफ लीव्हर आणि ३० मिलिमीटरची बटणं हा ठरलेला जोड, सेइमित्सूची बटणं जरा कडक लागतात. लीव्हरखाली चौकोनी गेट, म्हणजे दांड्याला अडवणारी चौकट असते, तिरक्या दिशा त्याच्या कोपऱ्यात सापडतात, काहींना अष्टकोनी आवडतं. कोरियन लीव्हरमध्ये स्प्रिंगच्या जागी रबर, त्यामुळे तो मधे झटकन परत येतो आणि टेकनवाले त्यावर जीव टाकतात. स्टिक जड, महाग, आवाज करते (रात्री घरी सगळे झोपलेत आणि तुमची खटखट चालू म्हणजे सकाळी ऐकून घ्या), हात बसायला कित्येक आठवडे जातात. आपल्याकडच्या बहुतेक पोरांनी आर्केडमध्ये लीव्हर धरलेलाच नाही, एकाच पीसीवर दोघं बसून टेकन ३ खेळून मोठी झालेली, त्यामुळे फक्त दिसायला भारी म्हणून स्टिक घेण्यात मला तरी अर्थ वाटत नाही.

सध्या जोर लीव्हरलेसचा. लीव्हर नाहीच, डाव्या हाताच्या तीन बोटांना डावं-खाली-उजवं आणि उडी मारायला अंगठ्याखाली मोठं बटण. कीबोर्डवर वाढलेल्याला हे लवकर जमतं. टेकनमधल्या मिशिमा घराण्यातल्या पात्रांचा इलेक्ट्रिक नावाचा ठोसा घ्या: पुढे, सोडा, खाली, मग खाली-पुढे आणि उजवा पंच दोन्ही एकाच फ्रेमला. लीव्हरवर मनगटाने हे जुळवताना जीव जातो, लीव्हरलेसवर खालचं बटण दाबून ठेवायचं आणि पुढे व पंच दोन्ही हातांनी एकदम मारायचे. फुकट नाही मिळत, पण सरावाने नेम बसतो.

डावं आणि उजवं एकदम दाबलं तर काय करायचं? लीव्हरवर हा प्रश्नच येत नाही, इथे येतो आणि त्यावरून बरंच रामायण झालंय. स्ट्रीट फायटरमधल्या गाइलसारख्या चार्ज कॅरेक्टरला मागे धरून ठेवून मग पुढे मारावं लागतं. शेवटचं बटण जिंकेल अशी सेटिंग असली तर मागचं न सोडताच पुढे मारता येतं, सोनिक बूम (गाइलचा फेकायचा फटका) निघतो आणि पुढचं सोडल्याबरोबर परत चार्ज चालू. स्ट्रीट फायटर बनवणाऱ्या कॅपकॉमने आपल्या प्रो टूर स्पर्धांच्या २०२३ च्या नियमांत ही सेटिंग बंद केली. स्पर्धेत उतरायचं असेल तर दोन्ही दाबल्यावर न्यूट्रल (कुठलीच दिशा नाही) ठेवून सराव करा, नाहीतर चुकीची सवय लागते.

हात चालवणारे लीव्हरलेस घरीही बनवतात, रास्पबेरी पाय पिको बोर्ड, बटणं, वायरी आणि जीपी२०४०-सीई हे बोर्डावर चढवायचं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर (फर्मवेअर). डबा सनमायका मारलेल्या प्लायचासुद्धा चालतो. कीबोर्ड तर घरातच असतो, पण स्वस्त कीबोर्डवर दोघं खेळायला बसले की तीनचार बटणं एकदम दाबल्यावर एखादं मधेच गिळलं जातं. पोरं एकमेकांवर चिडतात, दोष कीबोर्डचा असतो.

आता हवा. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जुलैत कपाटातले चामड्याचे बूट हिरवे होतात तिथे कंट्रोलर काय सादळायचा राहतो? पॅडच्या स्टिकवरचं रबर चिकट होतं, मायक्रोस्विचच्या आतल्या पत्र्याला गंज धरला की बटण कधी लागतं कधी नाही. म्हणून ज्याची बटणं घरी बदलता येतात तोच डबा घ्या. सान्वाची ३० मिलिमीटरची बटणं खाचेत दाबून बसतात, वायर नुसती खोचायची, सोल्डरिंग लागत नाही. लीव्हर उघडताना मात्र जपून, दांड्याच्या तळाशी ई आकाराची बारीक क्लिप असते, ती टणकन उडून सोफ्याखाली जाते. पावसाळ्यात डब्यासोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्या, आणि समुद्राजवळ राहत असाल तर वर कापड टाकून उघड्यावर ठेवण्यापेक्षा झिपच्या पिशवीत बरा.

वायर की ब्लूटूथ यावर वाद घालू नये, वायर. लॅग, म्हणजे बटण दाबल्यापासून मूव्ह निघेपर्यंतचा उशीर, कमी आणि चार्जिंगची कटकट नाही. घेण्याआधी तो तुमच्या मशीनवर चालतो का ते बघा. पीसीवर जवळपास सगळं चालतं, पण पीएस५ च्या गेमसाठी पीएस४ चा पॅड चालत नाही, स्ट्रीट फायटर ६ सारख्या काही गेम पीएस४ च्या जुन्या स्टिक घेतात, बाकी ठिकाणी कन्व्हर्टर लागतो आणि तोही पैसे खातो.

सेकंडहॅंड घेत असाल, पणजीत घ्या की फोंड्यात, विकणाऱ्याच्या घरीच गेमचा ट्रेनिंग मोड उघडून इनपुट डिस्प्ले (काय दाबलं ते पडद्यावर दाखवणारी सोय) चालू करा. लीव्हर हळूहळू गोल फिरवा, आठही बाण क्रमाने दिसले पायजेत. मग एकेक बटण सावकाश दाबत बसा, एका दाबाला दोनदा नोंद झाली किंवा एखादी गळली तर तो स्विच गेलेला, त्याचे पैसे किमतीतून कापून घ्या.