कार्डिओग्रामच्या कोपऱ्यातले २५ आणि १०

मागच्या पावसाळ्यात नौपाड्यातल्या एका दवाखान्यात आईचा कार्डिओग्राम काढला तर पट्टीभर नुसती केसाळ रेघ, सुरवंट सरपटत गेल्यासारखी. टेक्निशियन ताईंनी मशीनला हातच लावला नाही, खाटेजवळचा टेबलफॅन प्लगमधून काढला, जेल परत लावून क्लिपा बसवल्या, "काकू, हात सैल सोडा, थंडी वाजतेय का?" म्हणत चादर टाकली, आणि दुसरी पट्टी एकदम साफ. कोपऱ्यात २५ आणि १०. हे आकडे आले कुठून म्हणून वाचत बसलो.

१८८७ मध्ये लंडनला ऑगस्टस वॉलरने माणसाच्या हृदयाची पहिली विद्युत नोंद काढली, पण त्याचं पाऱ्याचं यंत्र इतकं सुस्त की लाटा पार बसक्या यायच्या. नेदरलँड्समधल्या लायडनच्या विलेम आइंटहोवेनने आधी गणित करून त्या सुधारल्या, पी-क्यू-आर-एस-टी ही नावं दिली आणि मग मोठ्या चुंबकामध्ये चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा बारीक धागा ताणून स्वतःचं यंत्रच बनवलं. पावणेतीनशे किलोच्या आसपास वजन, चालवायला पाच माणसं, पेशंटचे दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्यात! धाग्याचा ताण कमीजास्त करून तो १ मिलिव्होल्टला बरोबर १ सेंटीमीटर आणायचा, फोटोची काच सेकंदाला २५ मिलिमीटर सरकवायचा. म्हणजे आपल्या पट्टीवरचे २५ आणि १० तेच, शंभर वर्षं झाली तरी. १९२४ ला नोबेल मिळालं त्याला. छातीवर तारा लावायच्या सहा जागा १९३८ मध्ये ठरल्या.

म्हणूनच पट्टीवर मशीन १ मिलिव्होल्टची खूण म्हणून काढतं तो चौकोनी खांब आधी बघायचा, दहा बारीक घरं (म्हणजे १० मिलिमीटर) उंच हवा. लाटा एकमेकींवर चढतात म्हणून कुणी ५ वर ठेवलं आणि परत १० केलं नाही तर पुढच्या पेशंटच्या लाटा उगाच निम्म्या दिसतात.

फिल्टर, म्हणजे रेघेतली नको ती थरथर गाळणारी सोय, हे मात्र नंतरचं प्रकरण. आपली वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेत ६०, त्यामुळे मशीनचा फिल्टर ६० वर राहिला तर इथल्या विजेची घरघर रेघेतून जातच नाही. स्नायूंच्या थरथरीसाठी ३५-४० हर्ट्झच्या वरचं सगळं गाळणारा फिल्टर असतो, रेघ गुळगुळीत होते खरी, पण आर लाटेचं टोकही घासलं जातं, मोठ्या माणसांना १५० पर्यंत मोकळं ठेवायला सांगतात ते यासाठीच. खालच्या बाजूची मर्यादा ०.०५ हर्ट्झ सोडून ०.५ केली की श्वासाबरोबर वरखाली होणारी रेघ सरळ येते, पण काही मशीनवर एसटीचा, म्हणजे एस आणि टी लाटांमधला, भागही वाकतो, आणि हार्ट अटॅक तर तिथेच शोधायचा असतो.

ताईंनी पहिली पट्टी टोपलीत टाकली होती, मी उचलून आणली. दोन्हींवर फिल्टर १५० च आहे.