फोमच्या विमानाची बिजागरी

तयार मिळणाऱ्या ईपीओ या चिवट फोमच्या रेडिओ कंट्रोल विमानात एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी) किंवा एलिव्हेटरला (शेपटीची तशीच आडवी फळी) बहुतेकदा वेगळी बिजागरी नसतेच. साच्यातच खाच पाडलेली असते आणि तळाशी उरलेला मिलिमीटरभर फोम वाकत राहतो. नव्या विमानात हे झकास चालतं. पुढे खाचेच्या टोकाशी बारीक चीर दिसू लागते आणि मग ती आत सरकत जाते.

कोणतीही पट्टी वाकवली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते. किती, ते ढोबळमानाने असं काढता येतं: जाडी भागिले वळणाच्या त्रिज्येची दुप्पट. 1 मिमी त्रिज्येवर वाकलेला 1 मिमी फोम बाहेरून 50 टक्के ताणला जातो. त्याच त्रिज्येवर 0.05 मिमीची टेप ताणली जाते फक्त अडीच टक्के. म्हणून वाक फोमवर पडूच द्यायचा नाही, तो पातळ फिल्मवर घ्यायचा. चीर गेलेल्या खाचेत गोंद भरणं हा म्हणूनच वाया जाणारा उद्योग आहे: तिथला भाग कडक होतो आणि फोम शेजारी फाटतो.

टेपची बिजागरी करताना एलेरॉन पूर्ण कापून सुटा करा. त्याच्या पुढच्या कडेला खालच्या बाजूने 45 अंशांचा उतार द्या, नाहीतर एलेरॉन खाली जाताना कड पंखाला अडेल. मग दोन्ही भाग सपाट टेबलावर ठेवून मधे अर्ध्या मिलिमीटरची फट सोडा आणि वरून सलग टेप लावा. आता एलेरॉन उलटा करून पंखाच्या वर आडवा टाका. उघड्या पडलेल्या दोन्ही कडांवर आतून दुसरी टेप लावा. फटीत दोन्ही टेपांच्या चिकट बाजू एकमेकींना भेटतात, त्यामुळे तिथे धूळ बसत नाही आणि एकट्या टेपसारखी ही जोडी सोलवटतही नाही. फट अजिबात न ठेवल्यास बिजागरी ताठ होते आणि बिचारा 9 ग्रॅमचा सर्व्हो, म्हणजे एलेरॉन हलवणारी छोटी मोटर, सतत गुरगुरत राहतो.

टेप तुटते क्वचित. सुटते मात्र नेहमी. काही विमानं ज्याची असतात तो ईपीपी फोम म्हणजे पॉलिप्रॉपिलिन, आणि त्याच्या पृष्ठभागावर चिकटद्रव्य नीट पसरतच नाही. ईपीओवर वरून साच्यातलं तेलकट द्रव्यही राहिलेलं असू शकतं. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, 240 नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी घालवा, पुन्हा पुसा. ईपीपी असेल तर स्प्रे ॲडहेसिव्हचा हलका हात द्या आणि तो चिकचिकीत होईपर्यंत थांबा. टेप लावल्यावर चमच्याच्या पाठीने घासा आणि उड्डाण दुसऱ्या दिवशी करा, कारण चिकटद्रव्याला खाचाखोचांत उतरायला वेळ लागतो. साध्या पॅकिंग टेपपेक्षा पॉलिइथिलिनची पारदर्शक सर्जिकल टेप जास्त लवचीक असते. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या विमानाच्या टेपा मात्र घरी आल्यावर तपासाच.

मोठ्या, वेगवान विमानाला पिन असलेल्या नायलॉनच्या बिजागऱ्या बऱ्या. 40 सेंमी एलेरॉनला चार पुरतात. सगळ्या पिना एका सरळ रेषेत हव्यात. एक जरी तिरकी बसली तरी एलेरॉन अडखळतो. चिकटवण्याआधी टूथपिकने पिनेच्या सांध्यावर थोडं व्हॅसलिन लावा, म्हणजे गोंद आत शिरून सांधा जाम होणार नाही. गोंद कोणता, हे फोमवर ठरतं. फेव्हिक्विकसारखे सायनोॲक्रिलेट ईपीओ आणि ईपीपीला चालतात, पण थर्माकोल आणि डेप्रॉन, म्हणजे पॉलिस्टायरीन, त्यात विरघळतं. त्यासाठी ‘फोम-सेफ’ गोंदच हवा. कडक तापलेला हॉट ग्लूही थर्माकोलमध्ये खड्डा पाडतो.

शेवटी सर्व्हो चालू ठेवून एलेरॉनची मागची कड दोन बोटांत धरून हलवा. 1 मिमीपेक्षा जास्त सैलपणा असेल तर हॉर्न (एलेरॉनवरचा छोटा दांडा), पुशरॉड (त्याला सर्व्होशी जोडणारी तार) आणि बिजागरी, तिन्ही पाहा. सैल एलेरॉन वेगात फडफडू लागतो, यालाच फ्लटर म्हणतात. प्रत्येक फडफडीत तो हवेतून ऊर्जा खेचतो, त्यामुळे फडफड वाढतच जाते आणि काही सेकंदांत सर्व्होचे गिअरही तुटू शकतात. हवेत ‘भर्रर्र’ असा आवाज आला की लगेच थ्रॉटल कमी करा, नाक हळूच वर घ्या आणि सावकाश उतरा. उतरल्यावर बिजागरी जागेवर दिसली तरी पुन्हा उडवण्याआधी ती नव्याने बसवा.