तलवार पडत नाही, तरी माणूस उठत नाही

परवा परत तेच वाचलं. "गेम खेळताना मेंदूत डोपामाइन सुटतं, डोपामाइन म्हणजे आनंदाचं रसायन, म्हणून माणूस गेम सोडत नाही." तीन वाक्यांत विषय संपला! हे इतक्या वेळा फॉरवर्ड झालंय की आता लोकांना ते शाळेत शिकल्यासारखं वाटतं. यातला पहिला भाग बरोबर आहे, दुसरा चूक आहे आणि तिसऱ्यात निम्मी गोष्ट गायब आहे.

मी बोलतोय ते ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम्सबद्दल. म्हणजे हजारो माणसं एकाच वेळी एका काल्पनिक जगात वावरतायत, प्रत्येकाचं आपलं एक पात्र आहे, कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी जखमा भरून काढणारा हीलर, राक्षस मारायचे, एक्सपी म्हणजे अनुभवाचे गुण कमवायचे, लेव्हल वाढवायची, चांगलं चिलखत मिळालं की अजून मोठा राक्षस मारायला जायचं, आणि हे संपतच नाही. 'जिंकलो, चला घरी' असं इथे काही नसतं. बाहेरून बघणाऱ्याला हे भयंकर कंटाळवाणं वाटतं आणि खरं सांगायचं तर बराच वेळ ते असतंही. तेच रानडुक्कर पुन्हा पुन्हा मारायचं यात मजा कसली?

प्रश्न जुना आहे. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी 'मड' नावाचा गेम बनवला, त्यात चित्र एकही नाही, सगळा खेळ अक्षरांत, तरी लोक रात्र रात्र बसायचे. याच बार्टलनी पुढे १९९६ मधे खेळणाऱ्यांचे चार प्रकार सांगितले: पराक्रम गाजवणारे, जग धुंडाळणारे, गप्पा मारायला येणारे आणि दुसऱ्याला छळायला येणारे. ही वाटणी इतकी गाजली की लोक आजही टेस्ट देऊन आपला प्रकार काढतात, राशीभविष्य बघावं तसं. पण निक यी या संशोधकाने सुमारे ३००० खेळाडूंची उत्तरं तपासून २००६ मधे दाखवलं की माणसं अशा कप्प्यांत बसत नाहीत. पराक्रम, माणसं आणि कल्पनेत रमणं ही तीन मुख्य कारणं निघाली, पण एक जास्त म्हणजे दुसरं कमी असं अजिबात नाही, एकाच माणसात तिन्ही भरभरून असू शकतात. असो. कारणांची यादी मिळाली तरी खुर्चीवरून उठवत का नाही ते त्यातून कळत नाही.

आता माझा आवडता भाग.

वुल्फ्राम शुल्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूत, डोपामाइन बनवणाऱ्या पेशी असतात तिथे, अतिशय बारीक इलेक्ट्रोड घातले आणि एकेक पेशी कधी 'बोलते', म्हणजे विजेचा इशारा सोडते, ते ऐकलं. माकडाला अचानक फळाच्या रसाचा थेंब दिला की पेशी जोरात बोलायची. बरोबर, आनंद झाला, असंच आपण म्हणू. मग त्यांनी थेंबाच्या आधी एक दिवा लावायला सुरुवात केली. माकड शिकलं की दिवा लागला म्हणजे रस येणार. आणि आता गंमत बघा, पेशी दिवा लागल्यावर बोलायला लागली आणि रस आला तेव्हा गप्प! रस तोच, माकड तेच, पितंय पण आवडीने, पण डोपामाइनच्या पेशीला त्याचं काही पडलेलं नाही. आणि दिवा लावून रस दिलाच नाही, तर ज्या क्षणी रस यायला हवा होता नेमक्या त्याच क्षणी पेशीचं बोलणं नेहमीपेक्षाही खाली जायचं. पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांच्याबरोबर शुल्ट्झनी १९९७ मधे याचा अर्थ लावला: ही पेशी आनंद मोजत नाही, ती अंदाज किती चुकला ते मोजते.

चूक = मिळालं वजा अपेक्षा. एवढंच सूत्र आहे.

थोडं गणित करूया, घाबरू नका. समजा राक्षस मारला की दरवेळी एक नाणं मिळतं. सुरुवातीला अपेक्षा शून्य, मिळालं १, म्हणजे चूक +१. मेंदू त्यातून शिकतो आणि अपेक्षा थोडी वाढवतो, समजा चुकीच्या एक दशांशाने, झाली ०.१. पुढच्या वेळी चूक ०.९, अपेक्षा ०.१९. मग चूक ०.८१. असं करत वीस राक्षस मारले की अपेक्षा ०.८८ पर्यंत पोचते आणि चूक उरते ०.१२. चाळीस झाले की जवळजवळ काहीच उरत नाही. नाणं मिळतंय पण डोपामाइनला बातमीच नाही. सगळे गेम दरवेळी ठरलेलं बक्षीस देत असते तर दोन दिवसांत सर्व्हर ओस पडले असते.

म्हणून मग लूट, म्हणजे राक्षस मारल्यावर 'पडणारी' वस्तू, रँडम असते. एखादा मोठा ड्रॅगन घ्या, त्याच्याकडे एक दुर्मीळ तलवार आहे आणि ती पडण्याची शक्यता १ टक्का. भरपूर वेळा मारल्यावर अपेक्षा कुठे स्थिरावेल? ०.०१ च्या आसपास. तलवार पडली नाही तर चूक किती, वजा ०.०१, म्हणजे नगण्य. आणि पडली तर? अधिक ०.९९! शंभर वेळांची बेरीज केली तर सरासरी शून्यच येते, नव्याण्णव बारीक निराशा आणि एक प्रचंड धक्का, पण मुद्दा असा की हा धक्का कधीच विझत नाही. कितीही शिका, शंभराव्या वेळी मिळो की हजाराव्या, +०.९९ तसाच राहतो, कारण शिकण्यासारखं काही उरलेलंच नाही. वर अजून एक भानगड आहे, या पेशी एरवी सेकंदाला मोजक्याच वेळा बोलतात, त्यामुळे वर जायला भरपूर जागा आणि खाली जायला फारशी नाही, म्हणजे निराशा सांगायला पेशीकडे आवाजच कमी. शुल्ट्झच्याच गटाने २००३ मधे अजून एक गोष्ट दाखवली, निकाल जितका अनिश्चित तितकं दिवा लागल्यापासून निकाल येईपर्यंत या पेशींचं बोलणं हळूहळू चढत जातं, आणि शक्यता पन्नास टक्के असताना ते सगळ्यात जास्त चढतं. (त्या चढण्याचा अर्थ काय यावर वाद आहेत, ते सोडा.) गेममधे बक्षिसाची पेटी उघडण्याआधी ती दोन सेकंद चमकत का राहते याचा विचार करा.

जाता जाता, डोपामाइन म्हणजे आनंद नाही याचा वेगळा पुरावा केंट बेरिज या मेंदूशास्त्रज्ञाच्या उंदरांनी दिलाय. त्यांच्या मेंदूतलं डोपामाइन जवळजवळ नष्ट केलं तर ते समोरचं अन्न खायला पुढे जात नाहीत, पण तोंडात साखरेचं पाणी घातलं तर जिभल्या चाटतातच. आवड शिल्लक, ओढ गेली. आणि गेममधे बरेचदा याच्या उलट होतं, मजा केव्हाच संपलेली असते पण 'अजून एकदाच' जात नाही. तेव्हा ते डोपामाइन फास्टिंग वगैरे करणाऱ्यांनी एक दिवस फोन जरूर बंद ठेवावा, चांगलंच आहे, पण त्याने मेंदूतलं डोपामाइन उपासाला बसत नाही. ते संपलं तर हातपायही हलणार नाहीत, पार्किन्सन्समधे काय होतं ते बघा.

आता त्या १ टक्क्याचं दुसरं टोक. बहुतेकांना वाटतं १ टक्का म्हणजे शंभर वेळा मारलं की एकदा नक्की. नाही. शंभर वेळा मारूनही हात रिकामे राहण्याची शक्यता ०.९९ चा शंभरावा घात, म्हणजे जवळजवळ ३७ टक्के. तीनशे वेळा मारल्यावरही शंभरातले पाच जण तसेच बसलेले असतात. सर्व्हरवर हजारो लोक असताना असे दुर्दैवी पुष्कळ निघणारच, त्यात कोणाचं काही चुकलेलं नसतं. पण माणसाला हे पटत नाही. मग सुरू होतात तोडगे: ड्रॅगन मारण्याआधी पात्राला नाचवायचं, पेटी अमक्यानेच उघडायची, तमका ग्रुपमधे असला की काही पडत नाही म्हणून त्याला घ्यायचाच नाही. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मधे कबुतरांवर हेच दाखवलं होतं. दाणे ठराविक वेळाने आपोआप पडायचे, कबुतर काहीही करो, तरी एक कबुतर गोल गोल फिरायला लागलं, दुसरं मान झुलवायला लागलं. पुढे काहींनी या प्रयोगाचा अर्थ वेगळा लावला, पण शिकलीसवरलेली माणसं ड्रॅगनसमोर पात्राला नाचवताना बघितली की मला स्किनरच बरोबर वाटतो. रँडम नंबर काढणाऱ्या कोडला तुम्ही नाचलात की नाही ते ठाऊक नसतं. काही गेम्समधे खूप वेळा रिकाम्या हाताने गेलात तर शक्यता मुद्दाम वाढवतात, पण तीही मोजून, नाच बघून नाही.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मग हा जुगारच झाला की. तर तिथेच ती गायब निम्मी गोष्ट येते. नुसत्या अनिश्चित बक्षिसाने काम भागलं असतं तर एक बटण आणि एक पेटी पुरली असती, एवढं मोठं जग बांधायची गरज काय होती?

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट २००४ च्या नोव्हेंबरमधे आला तेव्हा त्यातल्या मोठ्या लढायांना, म्हणजे रेडला, ४० माणसं लागायची. मी हीलर खेळतो, त्यामुळे रेडमधे ड्रॅगन कसा दिसतो ते विचाराल तर मला नीट सांगता येणार नाही. हीलरला ड्रॅगन दिसतच नाही. त्याला दिसतात छोट्या छोट्या हिरव्या पट्ट्या, एकेका माणसाच्या जिवाची एक. टँक म्हणजे सगळ्यात पुढे मार खाणारा, त्याची पट्टी झर्रकन खाली येते, तुम्ही मंत्र सुरू करता, मंत्राला अडीच सेकंद लागतात, तेवढ्यात कोपऱ्यातल्या कोणाची तरी पट्टी घसरते, इकडे तुमची निळी पट्टी म्हणजे माना संपत आलेला, हेडफोनमधे एकच माणूस शांतपणे 'डावीकडे, डावीकडे' म्हणतोय. ड्रॅगनचा ३ टक्के जीव उरलेला असताना एक जण चुकीच्या जागी उभा राहतो आणि सगळे मरतात. याला वाइप म्हणतात. मग सगळे भुतं होऊन स्मशानापासून परत पळत येतात आणि पळता पळता भांडण चालू, कोण चुकलं. असं आठवडे चालतं. आणि ज्या रात्री तो मरतो त्या रात्री हेडफोन काढून बाजूला ठेवावा लागतो इतके लोक ओरडत असतात. त्या ओरडण्याचा तलवारीशी संबंध नाही, कारण वस्तू पडतात मूठभर आणि माणसं ४०, बहुतेकांना काहीच मिळणार नाही हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. उलट वस्तू कोणाला द्यायच्या यासाठी एव्हरक्वेस्ट या आधीच्या गेमच्या काळापासून खेळणाऱ्यांनी स्वतःच 'ड्रॅगन किल पॉइंट्स' नावाची हजेरी आणि पॉइंटांची व्यवस्था बनवली, गेम बनवणाऱ्यांनी नाही.

रायन, रिग्बी आणि प्रिबिल्स्की यांनी २००६ मधे खेळणाऱ्यांवरच्या अभ्यासातून हेच मांडलं की आपण ठरवतोय, आपल्याला जमतंय आणि आपण कोणाला तरी हवे आहोत, या तीन गोष्टी मिळाल्या की गेम आवडतो. ऐकायला हे अगदी साधं वाटतं. पण नोकरीत किंवा अभ्यासात या तिन्ही एकाच संध्याकाळी मिळतात का ते बघा. शिवाय 'हवे आहोत' म्हणजे चोवीस तास घोळक्यात असं नाही. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या सर्व्हरवरचा डेटा बघून केलेल्या त्याच वर्षीच्या एका अभ्यासात दिसलं की लोक बराचसा वेळ एकेकटेच खेळतात, आजूबाजूला माणसं आहेत, येतायत जातायत, आपलं चिलखत बघतायत, एवढंच त्यांना पुरतं.

व्यसनाचं काय? आहे, काही जणांना होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मधे, 'गेमिंग डिसऑर्डर' आहे आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झालीय. पण त्यातली अट वाचा: खेळण्यावर ताबा नाही, बाकी सगळ्यापेक्षा खेळ आधी, नुकसान होऊनही चालूच, त्यामुळे आयुष्याची घडी गंभीरपणे विस्कटलेली, आणि हे साधारण बारा महिने. सुट्टीत रात्री दोनपर्यंत रेड करणारा यात बसत नाही. ज्यांना हे टॉपिक आरडाओरडा करायलाच हवेत त्यांना अट वाचायला वेळ नसतो.

अपेक्षांचा खेळ कंपन्यांना मात्र पक्का कळलेला आहे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या चाचणीच्या काळात सलग जास्त वेळ खेळलं की एक्सपी निम्मे मिळायचे, लोक वैतागले. मग त्यांनी निम्म्याला 'नेहमीचे' म्हटलं आणि आधीच्या पूर्ण एक्सपीला 'विश्रांतीचा दुप्पट बोनस'. आकडे तेच, पण सूत्रातली अपेक्षा खाली सरकली आणि लोक खूश झाले. आणि २००७ च्या जानेवारीत पहिलं एक्सपान्शन म्हणजे गेममधली मोठी नवी भर आली तेव्हा तर लेव्हलची मर्यादा ६० ची ७० झाली आणि ४० जणांनी महिनोन्‌महिने घाम गाळून मिळवलेली भारी जांभळी चिलखतं नव्या जगातल्या पहिल्याच भागातल्या साध्या हिरव्या चिलखतांपुढे फिकी पडायला लागली. सगळ्यांचा हिशोब परत पहिल्यापासून. यावर बोंबाबोंब भरपूर झाली, पण गिल्डमधले, म्हणजे आपल्या कायमच्या गटातले, चार जण ६१ वर गेल्यावर ६० वर बसून कोण राहणार.