समाधानी आहात? पण कशाच्या मानानं?

इंदूरमधली तीन घरं घ्या: रामबागेतलं जुनं घर, भंवरकुआंजवळची विद्यार्थ्यांची भाड्याची खोली आणि विजयनगरमधला फ्लॅट. तिन्हीकडे इंटरनेटचा वेग ४० एमबीपीएस (सेकंदाला ४० मेगाबिट) भरला असं धरू. तरी सर्वेक्षणात ‘सेवेला ५ पैकी किती गुण?’ असं विचारलं की उत्तरं तीन तऱ्हेची येतील.

रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार ग्राहक मिळालेली सेवा स्वतःच्या अपेक्षेशी ताडून पाहतो. १०० एमबीपीएसचे पैसे भरणाऱ्याला ४० म्हणजे फसवणूक वाटते. मोबाइल डेटावरून नुकतंच फायबरवर आलेलं घर त्याच ४० वर खूश असतं.

उत्पन्नाचा परिणाम दोन्ही बाजूंनी होतो, म्हणून ‘पैसा जास्त तर समाधान जास्त’ हे गणित जमत नाही. ५०० रुपयांच्या प्लॅनचं बिल १८ टक्के जीएसटी धरून ५९० होतं. महिना १५ हजारांत भागवणाऱ्या घराचे त्यात जवळजवळ ४ टक्के जातात, लाखाच्या घराचे ०.६ टक्केही नाहीत. (संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगानं प्राथमिक सेवेचं बिल २ टक्क्यांच्या आत असावं असं लक्ष्य ठेवलं, पण ते दरडोई राष्ट्रीय उत्पन्नाचे, कुठल्या घराच्या खिशाचे नव्हेत.) उलट लाखाच्या घरात कुणी घरून काम करतं, मुलांचे क्लास चालू असतात, टीव्हीही नेटवरच. तिथं दहा मिनिटं लाइन गेली तरी गुण घसरतात. एकाची तक्रार बिलाची, दुसऱ्याची लाइन जाण्याची.

मोबाइल डेटावर भागवणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण आणखी वेगळी. रोजचा २ जीबी डेटा संपला की बऱ्याच प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर (सेकंदाला ६४ किलोबिट) येतो. त्या वेगानं १ एमबीचा (म्हणजे सुमारे ८,००० किलोबिटचा) फोटो उतरायला दोन मिनिटं लागतात. ऑनलाइन सराव परीक्षा तर अर्ध्यात अडकते. सियागंज बाजारातल्या दुकानदाराला मात्र यूपीआयसाठी वेग फारसा लागत नाही, लाइन अखंड हवी असते.

वयाबद्दलही जपून बोलावं. आजोबांनी ४ गुण दिले आणि नातवानं २, तर तो वयाचा परिणाम असेलच असं नाही. आजोबा बातम्या पाहतात, नातू गेम खेळतो. दोघांचा वापर सारखा धरून तुलना केली की वयाचा फरक बराचसा विरघळू शकतो. त्यातून घरातल्या कर्त्या माणसालाच प्रश्न विचारला, तर बिल भरणाऱ्याचं मत मिळतं, वापरणाऱ्याचं राहून जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) शहरांतल्या ७२.५ टक्के पुरुषांनी इंटरनेट कधी ना कधी वापरलं होतं, स्त्रियांपैकी ५१.८ टक्क्यांनी. जिनं वापरलंच नाही ती असमाधानी म्हणून कुठंच मोजली जात नाही.

शिवाय तक्रार खरंच कंपनीची आहे का, हेही पाहायला हवं. जुन्या घरात राउटर ओसरीवर असतो आणि भिंती दीड-दोन फूट जाडीच्या. वायफायची ५ गिगाहर्ट्झची लहर त्यांत लवकर दमते, २.४ ची आतपर्यंत जाते, पण शेजाऱ्यांच्या राउटरांशी तिची गर्दी होते. काही स्वस्त फोनला तर २.४ च जमते. म्हणून रात्री आठ ते अकराच्या दरम्यान तीनदा मोजावं: लॅपटॉपला लॅन केबल लावून, राउटरशेजारी वायफायवर आणि शेवटच्या खोलीत. केबलवर वेग पुरा आणि आत अपुरा असेल, तर राउटर मधल्या खोलीत आणावा. केबलवरच कमी असेल तर मात्र कंपनीला फोन. फायबरच्या पेटीवर ‘एलओएस’चा (सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा लागला तर फायबर बहुधा वाकलेली किंवा तुटलेली असते, तेव्हा राउटर बंद-चालू करून काही होत नाही.

सर्वेक्षण करणाऱ्यांनी गुणांची नुसती सरासरी छापू नये. ५, ५, ३, १, १ ची सरासरी ३ आणि पाचही घरांनी ३ दिले तरी ३. फॉर्म फक्त ऑनलाइन भरून घेतला तर ज्याची लाइन बंद तोच सुटतो. जिथं एकच केबलवाला, तिथं नाराज माणूसही टिकून राहतो. जिथं चार कंपन्या, तिथं नाराज निघून जातो आणि उरलेल्यांमुळं कंपनी चांगली दिसते. म्हणून ‘गेल्या वर्षात कंपनी बदलली का, आणि का?’ हा प्रश्न हवाच. नमुन्याचाही, म्हणजे किती घरांना विचारलं याचाही, हिशेब ठेवावा. यादृच्छिक पद्धतीनं (चिठ्ठ्या टाकल्यासारखं) निवडलेल्या ३८५ घरांवर साधारण ५ टक्के इकडे-तिकडे अशी चूक धरतात; पण त्यांत कमी उत्पन्नाची ५० च घरं असली, तर त्या गटापुरती ती १४ टक्क्यांवर जाते, आणि ‘६० टक्के समाधानी’ याचा अर्थ ४६ ते ७४ मधलं काहीही होऊ शकतो.